सरावाचा हात

नवऱ्याने तो दोर खुंटीला बांधला तेव्हा त्याचं दोराकडे लक्षच नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला. तो बोटवाल्याला विचारत होता की बोटीवर आंघोळीचं गरम पाणी किती वेळ पुरतं. बोटवाला म्हणजे सहलींच्या ऑफिसातला एक टक्कल पडलेला हौशी माणूस. युरोपातल्या कालव्यांवर आठवड्याच्या बोलीने मिळणाऱ्या लांबोळक्या, संथ बोटी हा त्याचा विषय, आणि एकदा सुरू झाला की त्याला थांबवायला दुसरं गिऱ्हाईकच यावं लागायचं. त्याच्या टेबलावर एका जाड फळीवर दोन शिंगांची लोखंडी खुंटी ठोकलेली होती आणि शेजारी हातभर दोर. चौकशीला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला तो आधी दोर बांधायला लावायचा. "बोट तुम्हीच चालवायची असते, ड्रायव्हर नाही मिळत," तो म्हणाला होता. "नवरा-बायकोचं पहिलं भांडण या खुंटीवरच होतं. तिकडे जाऊन होण्यापेक्षा इथे झालेलं बरं, नाही का?" ती हसली. तिने बांधून पाहिला, सुटला. पुन्हा बांधला, पुन्हा सुटला. मग तिने दोर नवऱ्याकडे सरकवला. आणि गरम पाण्याचं बोलता बोलता नवऱ्याच्या उजव्या हाताने दोर खुंटीच्या बुडाशी एक पूर्ण वळसा देऊन घेतला, एका शिंगावरून दुसऱ्या शिंगाखाली आडवा नेला, परत आणला, आठाचा आकडा काढला, आणखी एक काढला, आणि शेवटचा फास मनगट उलटं करून असा घातला की दोराचं टोक आपसूक खाली जाऊन दबलं. चार सेकंद लागले असतील. तिने दोर ओढून पाहिला. जागचा हलला नाही.

"वा!" बोटवाला म्हणाला. "तुम्ही तर पट्टीचे खलाशी निघालात की हो!" नवऱ्याने खाली पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. "कसला खलाशी. चुकून बसला," तो म्हणाला आणि दोर सोडवू लागला. "थांबा, पुन्हा जमतंय का बघू." पुन्हा जमलं नाही. दोर घसरला, मग आठ उलटा पडला, मग टोक वरच राहिलं. तो "छे छे" करत हसला, बोटवाला हसला, ती मात्र त्याच्या अंगठ्याकडे बघत राहिली. पहिल्या खेपेला तो अंगठा सैल होता. दुसऱ्या खेपेला ताठ झाला होता, आणि खांदा कानाच्या दिशेने बोटभर वर चढला होता. बोटवाल्याने छापील पुस्तिका पुढे केली, मे महिना बरा की सप्टेंबर बरा यावर बोलला, आणि ती "हो का", "असं का" म्हणत राहिली. पुस्तिकेत हिरव्या पाण्यावर एक निळी बोट होती, तिच्या छपरावर कुंड्या होत्या. महिनाभर ती घरी याच चित्राकडे बघत झोपी जात होती. आता त्यातल्या प्रत्येक खुंटीला दोर बांधलेला तिला दिसायला लागला.

दुसऱ्या कुणा बायकोच्या हे लक्षातही आलं नसतं. पण हिचं अख्खं आयुष्य हात बघण्यात गेलेलं. हॉस्पिटलच्या तळघरात, कपडे धुण्याच्या विभागाला लागून, तिची खोली होती. तिथे यंत्रात सापडलेले, काचेने कापलेले, झटक्याने लुळे पडलेले हात यायचे आणि ती त्यांना पुन्हा बटण लावायला, किल्ली फिरवायला, गाठ मारायला शिकवायची. तेवीस वर्षं. नवशिका हात कसा असतो, तिला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तो चुकतो, पण पुढे सरकत चुकतो. सरावाचा हात डोळ्यांची वाट बघत नाही. आणि तिसरा एक हात असायचा, ज्याला त्या खोलीत सगळे नाटकी हात म्हणायचे. काही लोकांना कामावर परत जायचं नसतं. हात बरा झालेला असतो, पण मूठ वळत नाही म्हणतात. असा हात बरोबर जागेपर्यंत येतो आणि अगदी तिथेच थांबतो. न येणाऱ्याला मुळात ती जागाच सापडत नसते. शिवाय नाटक करताना नको त्या स्नायूला काम पडतं, खांदा वर चढतो. अशांना डॉक्टर अहवालासाठी तिच्याकडे पाठवायचे. आजवर तिचा एकही अहवाल खोटा ठरलेला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला थोडा माजही होता.

बाहेर पडल्यावर नवरा नेहमीपेक्षा जास्त बोलायला लागला. घर दोन चौकांवर होतं, ते चालत निघाले होते. सप्टेंबरच बरा, तो म्हणाला, गर्दी नसते. मग लगेच, "म्हणजे, नसणार." तिने ऐकलं. रस्त्यात एका दुकानाचा काचेचा दरवाजा बसवत होते, चार माणसं हातमोजे घालून ती काच धरून उभी होती, आणि तिला वाटलं, आपणही असंच काहीतरी धरून उभे आहोत, आता कुणी सोडून चालणार नाही. तिने स्वतःला समजावून पाहिलं. कुठेतरी व्हिडिओ पाहिला असेल. पण व्हिडिओ बघून डोक्याला कळतं, मनगटाला नाही. लहानपणी शिकला असेल? लहानपणी तो पोहायलासुद्धा गेला नव्हता, सासूबाई स्वतःच सांगायच्या. या माणसाला बुटाची नाडी धड बांधता येत नाही, असं ती चोवीस वर्षं लोकांना सांगत आली होती आणि तोही शेजारी उभा राहून कौतुकाने हसायचा. बाल्कनीतली कपड्यांची दोरी तिने बांधली होती. सामान हलवताना खोक्यांना गाठी तिने मारल्या होत्या. म्हणजे येत असून बसून राहिला? त्या गाठींचा तर तिला राग आला नाही, हसूच आलं. मग ते हसू मध्येच कुठेतरी अडकलं. कारण चोवीस वर्षांत नवरा तिच्या नजरेआड असा फार वेळा राहिलेलाच नव्हता. सकाळी आठला जायचा, संध्याकाळी साडेसहाला यायचा. सरकारी प्रयोगशाळेत वजनं-मापं तपासायचं त्याचं काम, किलोचं वजन किलोच आहे की नाही ते बघायचं आणि शिक्का मारायचा. दौरा नाही, मित्रांच्या सहली नाहीत. अशा आयुष्यात चोरून काही शिकायचं म्हटलं तरी माणसाला भोक सापडायला हवं. आणि तिला भोक एकच सापडत होतं. अकरा वर्षांपूर्वीचे तीन आठवडे.

त्या तीन आठवड्यांना घरात "ट्रेनिंग" म्हणत. बस, ट्रेनिंग. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेत सूक्ष्म वजनांचं शिक्षण होतं, खात्यातून एकट्याची निवड झाली होती, आणि सासूबाईंनी आल्यागेल्याला ते सांगून भंडावून सोडलं होतं. तो गेला आणि पाचव्या दिवशी सासूबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, नजर अंधुक झाली, जीभ जड झाली. हॉस्पिटलने आठ दिवसांनी घरी पाठवलं, कारण करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. तिने रजा टाकली. दिवसातून चार वेळा सासूबाईंना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, चमच्याने भरवायचं, लुळा पडलेला हात उशीवर ठेवून एकेक बोट उलगडायचं. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, तिला शाळेत सोडायचं, आणायचं. नवऱ्याचा फोन संध्याकाळी यायचा. ट्रेनिंग मध्येच सोडता येत नाही, शेवटी परीक्षा आहे, सोडलं तर खात्याचं नाव जाईल. ती म्हणायची, तू नको काळजी करूस, मी आहे. हे ती मनापासून म्हणायची. एकदा फोनमध्ये मागून कसला तरी आवाज आला. "बदक आहे का रे?" तिने विचारलं होतं. "टीव्ही चालू आहे," तो म्हणाला होता. फोन ठेवून ती सासूबाईंना म्हणाली, तुमचा सोन्या तिकडे टीव्हीवर बदकं बघत बसलाय. सासूबाई अर्ध्या तोंडाने हसल्या होत्या. आता भर रस्त्यात, फळवाल्याच्या दुकानासमोर, तिला तो आवाज स्पष्ट आठवला. पाण्यावरून आलेला, ओला, अगदी जवळचा. टीव्हीचा आवाज असा नसतो.

"काय गं, बरं वाटत नाही का?" नवऱ्याने विचारलं. "उन्हाने," ती म्हणाली. ऊन नव्हतं.

सासूबाईंचे शेवटचे दोन दिवस नणंद येऊन राहिली होती. नणंदेचा स्वभाव मुळातच फटकळ. आईच्या पायाशी बसून ती सरळ म्हणाली, "त्याला यायचंच नाहीये. यायचं असतं तर माणूस पोहत आला असता." तेव्हा ही नणंदेच्या अंगावर धावून गेली होती. शब्दशः नाही, पण जवळजवळ. "ताई, तुमच्या भावाला मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते," असं म्हणाली होती, आणि आणखीही बरंच. जे बोलू नये ते बोलली होती. नणंद आईला स्मशानात पोहोचवून त्याच दिवशी परत गेली, आणि त्यानंतर अकरा वर्षं दरवर्षी वाढदिवसाचे दोन फोन, तेही हवापाण्याचे. नवरा मधूनमधून म्हणायचा, जाऊ दे ना, ताईचा स्वभाव तुला माहितीय. किती समजूतदार वाटायचं तेव्हा त्याचं बोलणं! बहिणीने एवढं बोलूनही त्याच्या मनात काही नाही, असं ती मैत्रिणींना सांगायची. काही नसणारच. बहीण खरं तेच बोलली होती.

आणि तरीही जिना चढताना तिने ठरवलं की अजून काही ठरवायचं नाही. कारण हा प्रवास तिला हवा होता. केवढा हवा होता, ते तिचं तिलाच ठाऊक. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात दोन माणसं आणि एक घड्याळ एवढंच उरलं होतं. जेवताना तो वर्तमानपत्र वाचायचा, ती भिंतीकडे बघायची. आपण कधीपासून असे झालो, याचा शोध घ्यायचं तिने सोडून दिलं होतं. अशात गेल्या महिन्यात एके संध्याकाळी नवरा बूट न काढताच आत आला आणि ती पुस्तिका टेबलावर ठेवून म्हणाला, "जायचं का आपण?" त्याचा चेहरा तिने असा कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. बोट चालण्याच्या वेगाने जाते, तो सांगत होता, काठावरून कुणी चालत असलं तर त्याच्याशी गप्पा मारता येतात. घाई नाही. फोन नाही. वाटेल तिथे थांबायचं. "तू पुढे बसशील आणि मी मागे सुकाणू धरीन." ती त्या रात्री मनातल्या मनात इतकी सुखावली होती की तिची तिलाच लाज वाटली. या माणसाला अजून काहीतरी हवंसं वाटतंय, आणि ते आपल्याबरोबर हवंय! दुसऱ्या दिवशी तिने न घसरणाऱ्या तळव्यांचे बूट आणले. तळघरातल्या प्रत्येकाला सांगितलं. तिच्या एका पेशंटनेसुद्धा, मूठ वळता वळता, विचारलं होतं, "मॅडम, कधी निघताय?"

घरात आल्यावर नवरा कॉफी करायला लागला. शनिवारची दुपारची कॉफी त्याचीच. ती टेबलापाशी बसली. तिच्या कामात एक युक्ती होती, नाटकी हातासाठीची. समोर बसून, हात धरून विचारलं तर तो काही कबूल करत नाही. त्याला दुसऱ्या कामाला लावायचं. खुर्ची ओढून घ्यायला सांगायचं, पेन पाडायचं, घरचं काहीतरी विचारायचं. हाताचं लक्ष गेलं की तो खरं बोलतो. ही युक्ती घरी कधी वापरायची वेळ येईल असं तिच्या मनातही आलं नव्हतं, आणि वापरताना तिला स्वतःची किळस आली. नवरा चमच्याने कॉफी मोजत होता. वजनाचा माणूस, चमचा बोटाने सपाट केल्याशिवाय ओतायचा नाही. तिने पुस्तिका चाळत, मान खाली ठेवून विचारलं, "अरे, ते दोन दरवाजांमध्ये पाणी कमी करून बोट खाली उतरवतात ना, तेव्हा काठाचा दोर घट्ट बांधून ठेवायचा का रे?"

"छे! बांधायचा नाही तेव्हा," तो चमच्याकडे बघत म्हणाला. "हातात धरून ढिला देत राहायचं. बांधलास तर पाणी जातं खाली आणि बोट लटकते दोरावर. मग ती..." चमचा हवेत राहिला.

फ्रिजचा आवाज येत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर सरकवत होतं. नवऱ्याने चमचा हळूच डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं, झाकण नीट बसलंय का ते दाबून पाहिलं. मग समोर येऊन बसला. त्याला विचारायचीही गरज नव्हती.

"ट्रेनिंग दहा दिवसांचंच होतं," तो म्हणाला.

"आणि उरलेले?"

"अकरा दिवस. बोट घेतली होती. छोटी असते एक, एकट्यालाही जमते."

"कोण होतं बरोबर?"

"कुणी नाही गं. एकटाच."

इथे तिला वाटलं होतं की बरं वाटेल. वाटलं नाही. बरोबर कुणी बाई असती तर परवडलं असतं, हा विचार तिच्या मनात इतक्या सरळपणे आला की ती दचकली. बाई असती तर तिला काय करायचं ते माहीत होतं. आदळआपट केली असती, बॅग भरली असती, नणंदेला फोन केला असता. बाई असती तर म्हणता आलं असतं, तिने त्याला नादी लावलं. पण तिथे कुणीच नव्हतं. नवऱ्याला कुणाकडे जायचं नव्हतं, नुसतं इथे यायचं नव्हतं. इथे म्हणजे या घरात, त्या खोलीत, जिथे ती हातमोजे घालून त्याच्या आईची पाठ पुसत होती. सकाळी तो धुक्यात उठत असेल, कॉफी करत असेल, चमचा बोटाने सपाट करून. दोर सोडत असेल. दिवसभर चालण्याच्या वेगाने जात असेल, काठावरच्या माणसांना हात करत असेल. संध्याकाळी दोर बांधून, वेळेवर, फोन करत असेल. तिने मनाशी हिशेब लावला नाही तरी तो लागत गेला: सासूबाई घरी आल्या त्या दिवशी तो बोटीवर होता. सासूबाईंना गिळता येईनासं झालं त्या दिवशी तो बोटीवर होता. "आता बोलणं कमी झालंय, पण तुला विचारतायत," असं तिने सांगितलं, तेव्हा पलीकडे तीन-चार सेकंद काहीच आवाज आला नव्हता, आणि तिला वाटलं होतं, बिचारा रडतोय.

"आधीच ठरवलं होतंस? आई आजारी पडायच्या आधी?"

"ठरवलं होतं. तुला म्हणणार होतो की ट्रेनिंग तीन आठवड्यांचं आहे. म्हणजे म्हटलंच होतं. नुसतं... मला जरा कुणीच नको होतं. थोडेच दिवस. तुझ्याबद्दल काही नव्हतं गं."

"आणि आई आजारी पडल्यावर?"

त्याने टेबलावरचा एक न दिसणारा कण बोटाने पुसला. "निघणार होतो मी. खरंच. दहाव्या दिवशी तिकीट बदलायला गेलो होतो. पण मग वाटलं, आईचा चेहरा तसा... तू सांगितलं होतंस ना, वाकडा झालाय. मला तो बघवला नसता. म्हटलं दोन दिवस जाऊ देत. मग आणखी दोन. आणि इकडे सगळं नीट चाललंच होतं." तो थांबला. "तू होतीस ना."

तू होतीस ना. सासूबाई गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण हेच म्हणाला होता, तू होतीस म्हणून. तिला त्याचा अभिमान वाटला होता. तेच शब्द आता असे आले की जणू ती घरातली एक वस्तू होती, असलेली बरी, जिच्या भरवशावर कुलूप लावून बाहेर पडता येतं. तिला रडू आलं नाही. तिने पुस्तिका मिटून बाजूला सारली.

"मी तुला तिकडे नेऊन सांगणार होतो," नवरा म्हणाला. आता तो पुढे वाकला होता, आवाज मऊ झाला होता. "तिथे सांगणं सोपं गेलं असतं. तुला दाखवायचं होतं मला. ती जागा, ते पाणी. अकरा वर्षं मनात आहे माझ्या. एकट्याने पाहिलेलं सारखं टोचतं. म्हणून तर आपण दोघं... आपण जाणार आहोत ना पण?"

हे तो खरंच विचारत होता. त्याच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं, खांदासुद्धा जागेवर होता. महिन्यापूर्वी बूट न काढता आला होता तेव्हाही असाच दिसत होता, आणि तिला आता कळलं की तो आनंद तिच्यासाठी नवा होता, त्याच्यासाठी जुना. आपल्या वाट्याला शिळं सुख आलं आणि आपण ते ताजं समजून तळघरभर वाटत फिरलो. ती जाणार नव्हती, हे तेव्हाच पक्कं झालं. त्यासाठी मोठ्याने बोलायचीही गरज नव्हती. ती उठली असती, आत गेली असती, दोन-चार दिवस अबोला धरला असता, आणि मग कदाचित चोवीस वर्षांच्या सवयीने सगळं पुन्हा रुळावर आलं असतं. अशाच गोष्टी पचवून घरं चालतात. ती खुर्ची मागे सरकवत होती. पण तिची शांतता त्याला क्षमेसारखी वाटली असावी, कारण तो जरा सैल होऊन म्हणाला, "आणि शेवटी आईला तर माहीतही नव्हतं ना. तिला वाटलंच मी आलो. तुझा हात धरून म्हणाली ना, आलास सोन्या. तूच सांगितलंस. मला आयुष्यभर तेवढाच आधार आहे बघ."

ती पुन्हा बसली.

सांगितलं होतं खरं. तो आला तेव्हा सगळं आटोपून तीन दिवस झाले होते. दारातच बॅग हातात घेऊन तो उभा राहिला, उन्हाने रापलेला, आणि तिथेच खाली बसला. प्रयोगशाळेत बसून माणूस इतका कसा रापला, असा प्रश्न तेव्हा तिला पडला नाही. तिने त्याला धरलं, जमिनीवर त्याच्याजवळ बसली आणि म्हणाली, त्यांना वाटलं तूच आलायस, माझा हात धरून "आलास सोन्या" म्हणाल्या, आणि शांत झाल्या. तो लहान मुलासारखा रडला. त्यानंतर ती गोष्ट घराची झाली. नवरा ती पाहुण्यांना सांगायचा, मुलीला सांगायचा, सांगता सांगता तिच्यात भर पडायची. अलीकडे अलीकडे तर आई हसली होती असंही तो सांगायला लागला होता. ती गप्प बसून ऐकायची.

"आई असं म्हणाल्या नव्हत्या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिने सांगायला सुरुवात केली तेव्हा तिचा आवाज अहवाल वाचताना व्हायचा तसा झाला. दुपारचे तीन वाजले होते, ती म्हणाली. ताई औषधाच्या दुकानात गेल्या होत्या. आई दोन दिवस एकच विचारत होत्या, सोन्या आला का. मला ऐकवेना. मी तुझ्या कपाटातून तुझा निळा शर्ट काढला आणि घातला, म्हणजे वास तरी येईल. बांगडी काढली, घड्याळ काढलं. त्यांना नीट दिसत नव्हतंच. न बोलता शेजारी बसले आणि माझा हात त्यांच्या चांगल्या हातात दिला. त्यांनी तो धरला. अंगठा चाचपला, तळवा चाचपला. खूप वेळ. मला वाटलं, फसल्या.

"मग?" नवरा म्हणाला.

"मग म्हणाल्या, हा हात तुझा आहे गं. शब्द जड येत होते, पण मला कळत होते. म्हणाल्या, दिवसातून चार वेळा मला कुशीवर वळवतो तो हात मी ओळखणार नाही होय? मी काहीतरी बोलायला गेले तर म्हणाल्या, राहू दे. तो नाही येणार. शाळेत मार पडायचा असला की त्याच्या पोटात दुखायचं. मी दुखू द्यायची, म्हणाल्या. माझंच चुकलं." हे वाक्य तिने अकरा वर्षांत स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. "आणि म्हणाल्या, त्याला सांग, मला वाटलं तोच आला. त्याला बरं वाटेल. मग जरा वेळाने म्हणाल्या, आणि तो शर्ट काढ, तुला मोठा होतो. त्यानंतर काही बोलल्या नाहीत."

वरच्या मजल्यावरचं फर्निचर आता जागेवर बसलं असावं. नवरा तिच्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला, आणि मग त्या चेहऱ्यावर एक आशा आली, इतकी केविलवाणी की तिला तिथून नजर काढून घ्यावीशी वाटली.

"तू रागाने म्हणतेयस हे," तो म्हणाला. "रागाने म्हणतेयस ना?"

दार उघडंच होतं. "हो" म्हटलं की झालं. त्याने ते लगेच पकडलं असतं, मनात आईची जुनी गोष्ट पुन्हा जागेवर ठेवली असती, आणि तिच्या रागाला दोन दिवस सांभाळून घेतलं असतं. त्याला काय सोयीचं ते ओळखायचं आणि ते द्यायचं, हे तिच्याही हाताला इतकं सरावाचं झालं होतं की शब्द ओठांवर आलासुद्धा.

"नाही," ती म्हणाली. "आधी सांगितलं होतं ते मायेने सांगितलं होतं. त्यांच्याही आणि माझ्याही. आता माझ्याजवळ खरं तेवढं उरलंय."

नवऱ्याने टेबलावर पसरलेले हात मागे घेतले आणि टेबलाखाली नेले. पेशंट असं करायला लागला की ती लगेच म्हणायची, वर ठेवा, घाबरू नका, मला बघू दे. ती काही म्हणाली नाही. त्या हातांकडे तिला आता बघायचं नव्हतं.